अ‍ॅग्नेसचा वाटा

अरे ऐका तर! आपली श्रुती, मालवणची, लायडनला पीएचडी करणारी, तिची गोष्ट. पहिल्या लॉकडाऊनची. तिची फ्लॅटमेट अ‍ॅग्नेस इनुव्हियालुइट, म्हणजे कॅनडाच्या पार उत्तरेच्या समुद्रकाठच्या लोकांतली. विमानं बंद, त्यामुळे उन्हाळ्यातल्या व्हेलच्या शिकारीला जन्मात पहिल्यांदाच ती घरी नव्हती. बाजारातून मऊसर हेरिंग मासे आणायची, कांद्याबरोबर खायची नि तोंड वाकडं करायची, "ह्यात चावायचं काय?" श्रुतीलाही घरच्याच माशांची ओढ! बाबांना बजावून ठेवलेलं, माझ्या वाट्याचे बांगडे सुकवून ठेवा, मी येतेच.

तर जुलैत एका संध्याकाळी अ‍ॅग्नेसच्या आईचा व्हिडिओ कॉल. धाकट्या भावानं पहिला व्हेल मारला, पांढरा बेलुगा! अ‍ॅग्नेस उड्याच मारायला लागली.

"आधी हार्पूनचा भालाच मारला ना? दोरीला फुगा बांधून?" तिनं विचारलं.

"मग! मामा होता ना बरोबर. आधीच गोळी घातली असती तर गेला असता तळाला."

आईच्या मागे दांड्यांवर कातडी-चरबीच्या पट्ट्या टांगलेल्या. वाऱ्यावर दोन दिवस सुकल्या की उकडायच्या. श्रुतीला तर बांगडे वाळत घातलेलं घरचं अंगणच दिसलं!

"माझा तुकडा फ्रीजरमध्ये ठेव हं," अ‍ॅग्नेस म्हणाली.

"पहिला व्हेल साठवत नाहीत, पोरी. वाटून टाकायचा. तुझा वाटा कुणाला देऊ, बोल."

"कुणालाच नाही! माझा आहे तो!" नि फोन कट. नि रडारड.

 श्रुती आपली रापणीचं सांगत बसली. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं ते लांबलचक जाळं, दोर ओढेल त्याला वाटा. एका वर्षी बाबांचा पाय मोडलेला, तरी शेजारचे वासुदेवकाका बांगडे घेऊन दारात! बाबा घेईनात. काका म्हणाले, "तुझ्या बदलाक मी ओढलंय. गप जेव!"

"त्या बांगड्यांचं झणझणीत तिखलं अजून जिभेवर आहे गं," श्रुती म्हणाली.

 अ‍ॅग्नेसनं नाक पुसून फोन लावला. "मॉम, माझा वाटा म्हाताऱ्या नोआला दे. त्याचा मुलगा शहरात अडकलाय ना, यंदा त्याच्यासाठी शिकार कोण करणार?"

दोन दिवसांनी पट्ट्या उकडून झाल्या नि भाऊ व्हिडिओ कॉल लावूनच निघाला. उकडलेल्या तुकड्यांचा डबा नोआच्या पायरीवर ठेवला नि लांब जाऊन उभा राहिला. नोआ दारातच चघळतोय, चघळतोय, संपेचना! मग एकदम काहीतरी ओरडला. अ‍ॅग्नेस हसतेय नि डोळ्यांतून पाणी.

"म्हणतोय, तुझ्या आईनं उकडायला घाई केली! अगं, दरवर्षी हे मी म्हणते!"

दुसऱ्या दिवशी श्रुतीनं मालवणला फोन लावला. "बाबा, नारळी पौर्णिमेनंतर रापण लागली की माझे बांगडे ठेवत बसू नका. त्या एकट्या राहणाऱ्या मोरेश्वरकाकांना द्या."

"त्या मोरेश्वराक? बारीक मासो दिलो म्हणान गावभर बोंबलत फिरतलो तो!"

"फिरूदेत," श्रुती म्हणाली. "तेव्हा मला फोन लावा. ऐकायचंय मला."