पुरे, मागे ये

"परत मागे गेलास!" मी बांबूची छडी तुईच्या पोटरीवर मारली. "किती वेळा सांगू? तीन फेऱ्या आहेत, पाच नाहीत. शेवटच्या घंटेपर्यंत पुढे जायचं. दमलास तरी पुढे, जिंकत असलास तरी पुढे."

"पण क्रू, हा तर कधीच हरलाय," समोर लटकणाऱ्या वाळूच्या पिशवीकडे बोट दाखवत तुई म्हणाला. तालमीतले सगळे हसले. मी मात्र आणखी एक छडी ठेवून दिली.

महिनाभर आमचं हेच चाललं होतं. चौतीस वर्षांचा माणूस आणि एकसष्ट वर्षांचा त्याचा गुरू, म्हणजे क्रू, दोघे मिळून एक सवय मोडत होतो. आमच्या खेळात, थाई बॉक्सिंगमध्ये, फेऱ्या पाच. चौथीपर्यंत जो वरचढ ठरतो तो पाचवीत मारत बसत नाही. मान ताठ ठेवतो, एका पायाने समोरच्याला लांब ठेवतो आणि संथपणे मागे सरत राहतो. पंचांना कळतं, माणसांना कळतं, की याचं काम झालं. समोरच्याचाही मान राहतो. कोपऱ्यातून गुरू ओरडतो, "पुरे, मागे ये," आणि लढणारा येतो. सदतीस वर्षं मी हे ओरडत आलो आहे.

आता बँकॉकच्या टीव्हीवाल्यांचा नवा खेळ निघाला होता. फेऱ्या तीन, हातमोजे मोटारसायकलवाल्यांचे असतात तेवढे पातळ, आणि जो पुढे जाईल त्याला गुण. अमेरिकेतल्या लोकांना रात्रीच्या जेवणासोबत बघता यावं म्हणून सामना सकाळी आठला. सकाळी आठला आमच्याकडे माणसं भाताची पेज खातात, एकमेकांची डोकी फोडत नाहीत. पण माझं मत विचारतो कोण?

तुईला हा सामना जिंकायचाच होता. जिंकला तर वर्षभराचा करार मिळणार होता, सहा सामने, जपानपर्यंत. हरला तर सिया थावोर्न त्याला रिंगमधून काढून पॅड धरायला लावणार होता. सिया म्हणजे शेठ; थावोर्न आमच्या तालमीचा मालक. शिवाय भाताची गिरणी त्याची, आणि तालमीमागच्या ज्या खोलीत मी झोपतो तीही त्याचीच. त्याने तुईला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "शेवटची संधी. यानंतर गोऱ्या पाहुण्यांना लाथा मारायला शिकवायचं."

तुई हे त्याचं घरचं नाव, म्हणजे गुबगुबीत. बारा वर्षांचा असताना त्याची आई त्याला आमच्याकडे सोडून गेली तेव्हा तो खरंच तसा होता. रिंगमध्ये त्याचं नाव लोमनुआ, उत्तरेचा वारा. ते मी ठेवलं. दोनशे अकरा सामने लढला. राजधानीतला विजेतेपदाचा पट्टा एकदा जिंकला, पाच महिने कमरेला मिरवला, मग नडगी मोडली आणि पट्टा गेला. परत आला तोवर वजन वाढलं होतं आणि नशीब घटलं होतं. पाच वर्षं जत्रेतल्या रिंगांत लढला, प्रत्येक वेळी "पुढच्या वर्षी राजधानीत" म्हणत. मी त्याच्या मुठींना पट्ट्या बांधत राहिलो. बावीस वर्षांत त्या दुसऱ्या कोणी बांधल्या नाहीत.

बँकॉकला निघायच्या दिवशी त्याची बायको दुएन बस थांब्यावरचं पपईच्या सॅलडचं दुकान बंद ठेवून आली. डब्यात चिकटभात आणि भाजलेला मासा होता.

"सामन्याचं वजन करून झाल्यावर खा," तिने नवऱ्याला बजावलं आणि माझ्याकडे वळली. "क्रू खाम, याला नीट पुढे ढकला हं. घरात भांडताना हा एक पाऊल मागे येत नाही, आणि रिंगमध्ये म्हणे मागे सरतो!"

"घरात मी जिंकत नाही ना," तुई म्हणाला. "म्हणून पुढे यावं लागतं."

सामना कझाकस्तानच्या एका बावीस वर्षांच्या मुलाशी होता. पहिली फेरी त्याने घेतली. त्याचे ठोसे कुठून येत होते तेच कळत नव्हतं. दुसऱ्या फेरीत तुईला त्याची लय सापडली. डाव्या पायाच्या लाथा एकाच बरगडीवर, पुन्हा पुन्हा. मग जवळ जाऊन मानेला विळखा आणि गुडघे. मधल्या विश्रांतीच्या मिनिटात मी तुईच्या मानेवर बर्फ फिरवला.

"काय करायचं?" मी विचारलं.

"पुढे जायचं," तो धापा टाकत म्हणाला.

"शाबास."

तिसऱ्या फेरीची दोन मिनिटं त्याने जे दाखवलं, ते मी त्याच्या ऐन उमेदीतही पाहिलं नव्हतं. कोपराने त्या पोराची भुवई फोडली. पोटात गुडघा असा बसला की तो दोरांवर वाकला. त्याचे पाय जड झाले, हात खाली आले. मला रडू यायचंच बाकी होतं. एवढ्या वर्षांनी, एवढ्या जत्रांत मार खाऊन, माझं पोर टीव्हीवर जिंकत होतं. माझे दोन्ही हात वर गेले, छाती भरून आली आणि तोंडातून शब्द निघाला.

"पुरे! मागे ये!"

ओरडल्यावर मला तो ऐकू आला. मी तोंडावर हात दाबला. पण एवढ्या गोंगाटात, हजारो माणसं किंचाळत असताना, त्याला तोच शब्द पोहोचला. बावीस वर्षं रिंगमध्ये तो माझ्याशिवाय कोणाचं ऐकत आला नव्हता.

तो मागे सरला. हनुवटी वर, खांदे सैल, पुढचा पाय हलकेच उचललेला. तो पोरगा रक्ताने माखलेल्या तोंडाने त्याच्यामागे लागला, हवेत ठोसे मारत सुटला. एकही धड लागला नाही. "पुढे जा! तुई, पुढे!" मी रिंगची चौकट बडवत ओरडत होतो. शेवटचे दहा सेकंद उरले होते. घंटा झाली. तुईने हात वर केला. तो पोरगाही तुईला मिठी मारून, नमस्कार करून गेला. त्याला कळलं होतं कोण जिंकलं ते.

पंचांना नाही कळलं. तिघांतल्या दोघांनी तिसरी फेरी पुढे येणाऱ्याला दिली, आणि तिच्याबरोबर सामनाही.

कपडे बदलायच्या खोलीत सिया थावोर्न दार आपटत आला. "मागे गेलास? मागे? एक मिनिट उरलं होतं, गाढवा! तुला मागे जायला कोणी सांगितलं?"

मी उठलो. "सिया, ते मी..."

"क्रू, बर्फ द्या जरा," तुई मध्येच म्हणाला. मग सियाकडे पाहत म्हणाला, "कोणी नाही सांगितलं. पाय आपोआप गेले. सवय."

"महिनाभर हा म्हातारा छडी घेऊन मागे लागला होता तुझ्या! त्याच्या कष्टांची तरी लाज बाळगायचीस!"

"चुकलं," तुई म्हणाला. मी बर्फाची पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो.

परतीचे आठ तास पिकअपमध्ये मी त्याच्या शेजारी बसून होतो. दोनदा मी बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा त्याने डोळे मिटून घेतले. बरगडीला टेकू लागतो म्हणून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. खरंच झोपला होता का, ते मला माहीत नाही.

गावात तर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. नूडलच्या गाडीवर, न्हाव्याकडे, देवळाच्या पायरीवर सगळीकडे तेच. ज्यांनी आयुष्यात माशीवर हात उगारला नसेल तेसुद्धा तुईला पुढे कसं जायचं ते शिकवत होते. दुएनच्या दुकानात तर गिऱ्हाइकं मुद्दाम मागे मागे सरत दाखवायची. तिने एकाला मुसळ दाखवलं.

"तुम्ही एवढं शिकवलंत, क्रू," ती मला म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "याच्या डोक्यात काही शिरतच नाही. सामन्यानंतर चौथ्या दिवशी टीव्हीवाले जपानचं बोलणार होते. लेकीला बर्फ दाखवायला नेणार होता."

मी तिच्यासमोर पपई चावत बसलो. मिरची लागल्याचं निमित्त करून डोळे पुसले. स्वतःची एवढी चीड मला कधीच आली नव्हती. कोणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण जो तो येऊन माझं सांत्वन करत होता. तुमची मेहनत वाया गेली, क्रू. काय नशीब तुमचं, क्रू.

नवव्या दिवशी सहन होईना. मी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गिरणीत गेलो. सिया थावोर्न तांदळाची मूठ हातात घेऊन तुकडा किती निघतो ते बघत होता.

"सिया, मला खोलीतून काढायचं तर काढा," मी म्हणालो. "मागे ये असं मी ओरडलो होतो. तुईची चूक नाही. माझ्या तोंडातून गेलं."

सियाने मूठ पोत्यात सोडली. तो रागावला नाही. त्याने मला बसायला खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं. मग हसला.

"तो म्हणालाच होता," सिया म्हणाला.

"कोण?"

"तुई. परत आला त्याच दिवशी मला फोन केला. म्हणाला, क्रू खाम एक दिवस येतील आणि सांगतील की मीच ओरडलो. मनावर घेऊ नका, सिया. म्हाताऱ्याचा जीव आहे माझ्यावर, तो सगळं स्वतःवर ओढून घेतो."

"तो खोटं बोलतोय! शपथ घेतो, बुद्धासमोर चला..."

"क्रू, क्रू," सियाने माझा खांदा थोपटला. "असा गुरू नशिबाने मिळतो. त्याला कळतंय ते, म्हणून तर बोलला. जा घरी. ऊन फार आहे."

मी आणखी तीनदा सांगितलं. दर वेळी त्याला माझं जास्तच कौतुक वाटलं. शेवटी त्याने तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. ती घेऊन मी बाहेर आलो.

तालमीत पोहोचलो तेव्हा संध्याकाळचा सराव चालू होता. तुई दोन्ही हातांना पॅड बांधून रिंगमध्ये उभा होता. समोर स्वीडनची एक उंच बाई, नवी पाहुणी. लाथ उचलायची, तोल सांभाळायची, पुन्हा उचलायची. तुईच्या मुठी पॅडच्या आत उघड्याच होत्या. पॅड धरणाऱ्याला पट्ट्या लागत नाहीत.

"क्रू, बरं झालं आलात," तो म्हणाला. "वेळ बघा ना. तीन मिनिटं झाली की सांगा."

"तू सियाला फोन केलास?"

"हो."

"का?"

"आधी हिची फेरी होऊ दे," तो म्हणाला आणि बाईकडे वळला. "हं. पुढे या. आणखी पुढे."

मी तांदळाची पिशवी खाली ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागलो. ती लाथ मारत पुढे यायची, तो एक पाऊल मागे. पॅड धरणाऱ्याला मागेच सरावं लागतं, नाहीतर समोरच्याचा पाय नीट बसत नाही. बावीस वर्षं मी त्याच्यासमोर असाच मागे सरलो होतो. त्याची मान ताठ होती, खांदे सैल होते.

तीन मिनिटं झाली. सरावातही फेरी संपली की मी जे "पुरे, मागे ये" ओरडतो, ते ओरडायला तोंड उघडलं, आणि शब्द निघेना. काटा पुढे गेला. बाई दमली होती, तिच्या लाथा खाली येऊ लागल्या होत्या. तुईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो माझ्या शब्दाची वाट पाहत मागे सरत राहिला, पाठ दोरांना टेकेपर्यंत.

मी जाऊन हाताने घंटा वाजवली.