यादीत न दिसणाऱ्या फाइली

लेबलवाल्या काकांची फाइल तिनं तिसऱ्यांदा उघडली आणि तिसऱ्यांदा पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं आली. ना रंग, ना मांडणी. काकांचा बाटल्यांवरच्या लेबलांचा छापखाना होता, आणि त्यांच्या जुनाट मशीनच्या फाइलींच्या नावामागे असलं काही शेपूट असायचं की तिच्या कोड लिहायच्या एडिटरनं ते जन्मात पाहिलं नव्हतं.

"थांब बाबा, ओळख करून देते," ती एडिटरला म्हणाली. दिवसभर घरात एकटीनं कोड लिहिणारी माणसं यंत्राशी बोलतातच, त्यात वेडेपणा काही नाही.

तिनं सेटिंगची फाइल उघडली. अमक्या शेपटाची फाइल आली की ती तमक्या भाषेतली समज, अशा तिथे एकाखाली एक ओळी. काकांसाठी तिनं एक नवी ओळ लिहिली आणि खाली सरकली, तर तिथे तिनं न लिहिलेली एक ओळ होती. ज्या फाइलीचं शेपूट 'नोंद' असेल, ती यादीत दाखवू नकोस.

मग ही नवऱ्यानं लिहिलेली असणार. तोही कोडच लिहायचा, आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दोघांनी शेजारी बसून या एडिटरसाठी एकच खातं काढलं होतं. तेव्हा तिला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं!

तिनं ती ओळ पुसली आणि सेव्ह केलं. 'घर' नावाच्या दोघांच्या सामायिक फोल्डरमध्ये ती रोज जायची. लेकीच्या, पिल्लूच्या शाळेची पत्रकं, गॅसचा नंबर, अशा अकरा फाइली होत्या तिथे. आता यादी खाली खाली जातच राहिली. एका दिवसाची एक फाइल, दोन वर्षांची.

पहिली उघडायला एडिटर तयार होईना. 'नोंद' म्हणजे साधा मजकूर समज, अशी ओळ तिनं घातली, तेव्हा ती मुकाट्यानं उघडली.

"९.१० पिल्लूला सोडलं. ९.३५ घरी. १०.०२ बहिणीला फोन, १४ मिनिटं. ११.२० खाली गेली. ११.४१ परत. सहा मिनिटं जास्त."

सहा मिनिटं! नवऱ्यानं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, आवाजही नाही. तो फक्त विचारायचा. आज वाण्याकडे गर्दी होती का गं? बहीण काय म्हणते, बराच वेळ बोललात? त्याला कळतं कसं, म्हणून तिनं शेजारणीवर संशय घेतला, पर्सचं अस्तर उसवलं, दिव्यांच्या शेड काढून पाहिल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा.

ती वाचत राहिली. बाजूला ठेवलेल्या चहावर साय धरली. तिला खरं तर एकच दिवस हवा होता, पण तिथवर जायचा धीर होत नव्हता. मागच्या मंगळवारी ती बहिणीबरोबर जाऊन एक खोली ठरवून आली होती, तिच्यासाठी आणि पिल्लूसाठी. गुरुवारी नवरा दौऱ्यावर जाणार, गुरुवारीच निघायचं. बहिणीशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. हे हातचं गेलं तर पुन्हा असं धाडस आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

शेवटी तिनं मंगळवार उघडला.

"दिवसभर घरी. बाहेर नाही. फोन नाही."

ती मोठ्यानं हसली. त्या दिवशी तिनं फोन उशीखाली ठेवून दिला होता. एवढा हुशार माणूस आणि उशीवर पाळत ठेवून बसला! हसता हसता तिला रडू आलं. मग तिनं डोळे पुसले, त्याची ओळ होती तशीच्या तशी परत लिहिली, आपली पुसली. यादी पुन्हा अकरावर आली. साडेअकरा वाजले होते. पिल्लूची शाळा एकला सुटायची.

फोन वाजला. नवराच होता.

"काय गं, काकांचं काम झालं का?"

"कुठलं?"

"अगं, लेबलांचं. सव्वादहाला तू ओळ घातलीस ना त्यांच्यासाठी? माझ्याही एडिटरमध्ये आली की. खातं एकच आहे आपलं, विसरलीस?"

ती खुर्चीच्या कडेवर सरकली. "झालं," ती म्हणाली.

"छान. ती दुसरी ओळ काढलेलीही दिसली मला. आत्ता परत घातलीस तीही." त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "नीट घातलीस हं. एक टिंबसुद्धा इकडचं तिकडे नाही."

त्याच्यामागे मुलांचा गलका चालला होता. कुणीतरी शिट्टी वाजवली. त्याच्या ऑफिसात मुलं नव्हती.

"कुठे आहेस तू?"

"पिल्लूच्या शाळेत. ओळ गेलेली दिसल्यापासून सव्वा तास होता हाताशी; एक नोंद बदलली, म्हटलं आज मीच लवकर आणतो. तू उगाच खाली उतरू नकोस."

"तिला फोन दे."

"देतो ना. अगं, तुझीच मुलगी आहे."

फोन हातातून हातात गेला, कानाशी घासला.

"आई! बाबा आले मला न्यायला. आणि आई, आपलं नवं घर तिसऱ्या मजल्यावर आहे?"

ती उठून दाराकडे निघाली.

"बाबा म्हणतात, तिथे लिफ्टच नाहीये," पिल्लू म्हणाली. "मंगळवारी तू फार दमली असशील. दोनदा बसलीस ना जिन्यात?"