पुलीबाबाचा अंगारा

मंगळवार उजाडला की चांदा जिल्ह्यातल्या मूल या गावातली निम्मी माणसं रामाजींच्या धानगिरणीची वाट धरत. त्यातल्या फार थोड्यांच्या बैलबंडीत धान असे. बाकीच्यांच्या हातात नारळ असे. गिरणीसमोर आधी उदबत्तीचं दुकान लागलं, मग चिवड्याचं लागलं, आणि चौथ्या मंगळवारी नागभीडहून रेल्वेनं माणसं उतरायला लागली.

पाहण्यासारखं होतंच. इंजिनापासून धान भरडणाऱ्या हलरपर्यंत वीतभर रुंदीचा चामडी पट्टा दोन लाकडी चाकांवरून फिरे. या चाकांना गिरणीत पुली म्हणत. दर मंगळवारी, भर गर्दीत, कोणी बोटही लावलेलं नसताना, पट्टा थरथरे, हळूहळू कडेला सरके आणि झाडावरून अजगर पडावा तसा धप्पकन खाली पडे. हलर थांबे. लोक हात जोडत. मग पोत्यांच्या थप्पीवर बसलेले पुलीबाबा डोळे उघडत.

"यंत्र म्हणजे काया," बाबा म्हणत. "पट्टा म्हणजे प्राण. प्राण उतरला तं काया थांबते, बच्चा. आणि इंजिन म्हणजे..."

इंजिनासाठी बाबांना आजवर काही सापडलं नव्हतं. तिथं आले की ते पुन्हा डोळे मिटत, आणि लोकांना ते फार गहन वाटे.

मग इंजिन चालवणाऱ्या अयूबमिस्त्रीला खूण होई. तो इंजिन बंद करी. बाबा स्वतःच्या हातानं पट्टा चढवत, झोळीतला पिवळसर अंगारा त्याला चोळत, मंत्र म्हणत. इंजिन सुरू झालं की पट्टा असा धरून पळे, की पुढच्या मंगळवारपर्यंत उतरायचं नाव नाही. जाताना बाबांच्या झोळीत तांदूळ पडे. तो बारीक, वासाचा चिन्नोर असे. देवीला चिन्नोरच लागे.

बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. ती आपण देवीला वाहिली, असं ते सांगत.

या गर्दीत एकच माणूस हात जोडत नसे, कारण त्याच्या हातात घड्याळ असे. त्याचं नाव लटारू. मूलचाच, पण सहा वर्षं नागपूरच्या एका कापड गिरणीत काढून १९५७ साली परत आलेला. कोणतं काम किती वेळात होतं, यंत्र कशानं थांबतं, हे मोजून लिहायचं तो तिथं शिकला होता. त्या हुद्द्याचं नाव गावात कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याची आई शेजारणींना सांगे, "पोरगा घड्याळात नोकरीले आहे." गिरणी दिवसातून किती वेळ रिकामी उभी राहते ते शोधायला रामाजींनीच त्याला ठेवलं होतं. चाळणीवरच्या बायका तो दिसला की म्हणत, "श्वास जपून घ्या वो. तोही लिहून घेऊन राह्यला तो."

लटारूनं चमत्कारही मोजला. वहीत त्यानं लिहिलं: डोळे मिटणे, दीड मिनिट. काया आणि प्राण, दोन मिनिटं. पट्टा चढवणे, चाळीस सेकंद. अंगारा चोळणे, एक मिनिट. नारळ, मोजता आले नाहीत.

त्या चाळीस सेकंदांवर तो अडला. नागपूरच्या गिरणीत पट्टे चढवत म्हातारा झालेला कारागीर याच कामाला एक मिनिट घेई. साधूला ही चपळाई देवीनं कुठं शिकवली? आणि दुसरं असं, की अंगारा पट्ट्याच्या आतल्या अंगालाच लागे. बाहेरचं अंग देवीचं नव्हतं की काय?

हे सगळं वहीतच राहिलं असतं. पण मध्ये शकुबाई आली.

शकुबाई चाळणीवर काम करी. हात चालू की तोंडही चालू. एका मंगळवारी झोळी भरताना तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, देवीले चिन्नोरच काऊन लागते? जाडा तांदूळ तिले पचत नाई काय?"

लोक हसले. बाबाही हसले. पुढच्या मंगळवारी देवी बाबांच्या तोंडून बोलली. पट्ट्यावर एका बाईची सावली पडते, ती चाळणीच्या डाव्या अंगाला बसते, म्हणून प्राण उतरतो. चाळणीच्या डाव्या अंगाला बाई एकच होती.

रामाजी दुष्ट नव्हते, भित्रे होते. त्यांनी सांगून टाकलं, "येत्या मंगळवारी पट्टा पडला तं शकुबाई, तुले गिरणी सोडा लागन. मी काय करू, देवीचा मामला आहे."

गावानं मंगळवारची वाटही पाहिली नाही. विहिरीवर तिची घागर टेकली की बाकीच्या घागरी मागं सरत. चूल पेटवायला शेजारीण निखारा देईना. दोन दिवसांत कोणीतरी तिच्या दारात लिंबू ठेवून गेलं. शकुबाईनं ते वरणात पिळलं, पण त्या दिवशी ती बोलली मात्र नाही.

लटारू वही घेऊन बसला. पट्टा किती वेळा पडला, तेव्हा कोण कुठं होतं, त्याआधी काय झालं, सगळं त्याच्याजवळ तारखेनिशी होतं. दोन मंगळवारी शकुबाई तापानं घरी होती. पट्टा तेव्हाही पडला होता. पण एक गोष्ट एकाही मंगळवारी चुकली नव्हती.

या सगळ्याची सुरुवात दसऱ्याला झाली होती. त्या दिवशी सगळ्यांनी हत्यारं पुजली. हळद-कुंकू वाहून लोक घरी गेले. रामाजींचा भक्तिभाव मोठा. त्यांनी मारुतीला लावतात तसा पुलीला तेल-शेंदूर लावला, आणि त्याच दुपारी पट्टा पहिल्यांदा पडला. बाबा तेव्हा गिरणीच्या दारात भिक्षा मागत होते. त्यांनी आत येऊन पाहिलं, पुलीवर बोट फिरवलं, आणि म्हणाले, "देवी आली आहे. दर मंगळवारी तेल घाल."

लटारू अयूबकडे गेला. अयूबच्या दंडावरच्या ताइतात बाबांचा अंगारा होता.

"तुम्हीबी काय, अयूबभाऊ?"

"इंजिनवाला आदमी हूं, भाऊ. जिसका हाथ चाकात गेला, त्याचा गेला. आपन कायले नाई म्हनाव?"

त्याच ताइतातला चिमूटभर अंगारा मागून, कागदात घेऊन लटारू शकुबाईच्या चुलीपाशी जाऊन बसला.

"बाई, हे पाहून सांगा."

"आधी ते घड्याळ खिशात टाक. माह्या भाकरीचा टाइम नको मोजू." तिनं अंगारा बोटात चोळला, पुन्हा चोळला, आणि बोटांकडे पाहत राहिली. "ही राख कोणं म्हटली तुले?"

"बाबांनी."

"जलमभर चूल सारवली मी. राखेनं बोट कोरडं होते. हे तं चिकटून राह्यलं." तिनं कागदाची पुडी बांधून कनवटीला लावली. "मंगळवारी पाहू. तू तुही पुली सांभाळ, मी माही चूल सांभाळतो."

मंगळवारी गिरणीत मुंगीला जागा नव्हती. रामाजी आंघोळ करून तेलाची वाटी घेऊन आले. लटारू आडवा आला.

"रामाजीभाऊ, पूजा आज घंटाभर मागून करू. आधी शकुबाईले पट्ट्यापाशी उभं करू. सावलीनं पडत असन तं पडन."

"देवी उपाशी राहीन," बाबा थप्पीवरून म्हणाले.

"राहू द्या," शकुबाई म्हणाली. "मीबी सकाळपासून उपाशीच आहो."

ती पट्ट्याला लागून उभी राहिली आणि सावली नीट पट्ट्यावर पडते की नाही ते वाकून पाहून घेतलं. हलर चालू झाला. पाव तास गेला, अर्धा गेला, तास गेला. पट्टा आपला पळत होता. नागभीडचा एक पाहुणा कंटाळून म्हणाला, "लय दुरून आलो बापा. थोडा तरी पाडा."

मग लटारूनं शकुबाईला पार तलावाच्या पाळीवर पाठवलं. सोबत साक्षीला सोमारी आणि गुणाबाई, तिच्याच जोडीच्या चाळणीवाल्या. इंजिन बंद करून रामाजींनी पुलीला भक्तीनं तेल-शेंदूर फासला. इंजिन सुरू झालं, हलरमध्ये धान पडलं, लटारूनं घड्याळाचा खटका दाबला.

अकराव्या मिनिटाला पट्टा थरथरला, सरकला आणि धप्पकन पडला.

लोकांनी सवयीनं हात जोडले. मग एकेकानं चाळणीच्या डाव्या अंगाला पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. हात जोडलेले ठेवावेत की सोडावेत, हे काही जणांना ठरवता येईना.

"सावली मागं राहून गेली तिची," बाबा म्हणाले.

"तळ्यावरून?" रामाजींनी विचारलं. बाबांना त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

बाबांनी घाईनं झोळीत हात घातला. लटारू म्हणाला, "अंगारा बाहेर अंगणात आणा बाबा. इथी कोंडा उडून राह्यला, आत विस्तव नको."

विस्तव कशाला, हे बाबांनी विचारेपर्यंत शकुबाई ठरल्याप्रमाणे तळ्यावरून घरी होऊन, खापरीत निखारे घेऊन अंगणात आली होती. भोवती माणसांचं कडं झालं.

"मालक, राख म्हंजे काय?" तिनं रामाजींना विचारलं.

"जळून उरते ते."

"मंग ते पुन्हा जळते काय?"

"काऊन जळन?"

शकुबाईनं कनवटीची, अयूबच्या ताइतातल्या अंगाऱ्याची पुडी सोडली आणि चिमूट निखाऱ्यावर टाकली. भस्सकन हातभर पिवळा जाळ उठला, काळा धूर निघाला. पुढचे लोक मागच्यांच्या पायावर गेले.

"एकदा मेलेलं दुसऱ्यांदा मरत नाई," शकुबाई म्हणाली. "ही राख नाई."

अयूबनं नाक वर केलं. "ये तो राळ है. मशालीवर फेकतो आपन, ती." आणि त्यानं दंडावरचा ताईत सोडून लटारूच्या हातात दिला, जणू तो उधार आणला होता.

लटारूनं सांगितलं त्यात अवघड काही नव्हतं. तेलानं पुली निसरडी होते, जड काम आलं की पट्टा घसरतो आणि उतरतो. राळेची भुकटी आतल्या अंगाला चोळली की तो चिकटून धरतो. आठवडाभर धरतो. मग पुन्हा तेल.

रामाजींनी आपल्या शेंदरी हाताकडे पाहिलं. "म्हंजे देवी मीच होतो काय?"

"अर्धे तुम्ही. अर्धे बाबा."

बाबा झोळी उचलत होते. लटारूनं हळू विचारलं, "बोटं कोणत्या मशीनवर गेली?"

बाबांनी झोळी खांद्याला अडकवली. मग साध्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "जंगलात लाकूड चिरायची आरा मशीन होती. पट्ट्यावरच होतो मी. बोटं गेली, तं काम गेलं." चार पावलं जाऊन ते वळले. "पट्टा सैल आहे तुमचा. दोन इंच कापून जोडा."

लटारूनं ते वहीत लिहून घेतलं. बरोबर होतं.

"तांदूळ चिन्नोरच खाल्ला तरी," शकुबाई त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाली, "जाडा माणूस आहे."

रामाजी तिच्यासमोर उभे राहिले. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी घसा दोनदा साफ केला. "शकुबाई, उद्यापासून चाळणीवर..."

"उद्या काऊन? आजच बसतो. पण उजव्या अंगाले. उजेड तिकडं आहे."

बसण्याआधी तिनं घरून टोपलंभर राख आणली, चुलीची, खरी. पुलीवरचा शेंदूर नि तेल तिनं राखेनं घासून काढलं. सोमारी न बोलावता मदतीला आली. पट्टा दोन इंच आखूड झाला आणि पुढच्या मंगळवारी मूलच्या बाजारात नारळ पडून राहिले.

तुमच्याही गावात कधी अंगारा येईल. नाही म्हणू नका, भांडू नका. घरी न्या आणि निखाऱ्यावर टाका. राख असेल तर राखच राहील. पेटली, तर दोष कोणाच्या सावलीचा नव्हता एवढं समजून घ्या, आणि विहिरीवर जी घागर मागं ओढली होती, ती पुन्हा त्या बाईच्या घागरीशेजारी नेऊन टेका.