सगळ्यांना एकच कोड

माझी बायको गोजर जाऊन अडीच महिने झाले होते. सत्त्याण्णव सालची गोष्ट. एका सकाळी भिंगारच्या आमच्या घराच्या ओट्यावर शेजारचा सूर्यभान येऊन बसला.

"श्रीमंतराव, त्या दिवशी वहिनींना धाप लागली तरी तुमी ड्युटीवर गेला, हे मनाला लावून घिऊ नका. नोकरी कुणाला चुकती?"

हे मी फक्त माझ्या मुलीला, माधुरीला सांगितलं होतं. तेही आदल्या संध्याकाळी, फोनवर. ती श्रीरामपूरला असते.

"तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या फोनवर ऐकू येतं की. उचलला की तुमचंच बोलणं चालू असतंय. आमच्या हिला तर रडू आलं."

"मग लगेच खाली का नाही ठेवला?"

"आता मधीच कसा ठेवायचा?"

माझं डोकं फिरलं. गोजरला अंथरुणातून लेकीशी बोलता यावं म्हणून मी कॉर्डलेस फोन घेतला होता. तो बघून सूर्यभानने त्याच दुकानातून तसाच आणला. मी माझा आणि त्याचा, दोन्ही फोन पिशवीत घातले आणि नगरला त्या दुकानात गेलो.

दुकानदाराने झाकणं उघडली. आत बारीक बटणं होती. ती वरखाली केली की कोड ठरतो, आणि हँडसेटचा कोड खालच्या डब्याशी जुळला तरच फोन लागतो.

"दोन्हींचा कोड एकच आहे," तो म्हणाला. "मीच सगळ्यांना एक लावून देतो. कुणाचा हँडसेट बिघडला तर दुसरा देता येतो. गिऱ्हाइकाला कटकट नको."

"माझं रडणं शेजाऱ्यांनी ऐकलं, ही कटकट नाही?"

"काका, घरगुती बोलण्यात लपवण्यासारखं काय असतं?"

तीस वर्षं मी लष्कराच्या स्टोअरमध्ये काम केलं. दोन कोठारांना एक चावी लावली असती तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

"कसं बदलायचं ते दाखवा," मी म्हणालो, "आणि मग तोंड तिकडे करा."

तो हसला, पण वळला. मी माझा कोड बदलला.

घरी येऊन सूर्यभानला त्याचा फोन परत दिला, ऐकू येतंय का बघ म्हणालो आणि माधुरीला फोन लावला. सूर्यभान त्याच्या अंगणात हँडसेट कानाला लावून उभा होता.

"काय न्हाई बा! नुसती खरखर!" तो भिंतीपलीकडून ओरडला. जरा हिरमुसलाच होता.

"बाबा, आता खरंच कुणी ऐकत नाही?" माधुरीने विचारलं.

"कुणी नाही."

"मधूनमधून मला तिसऱ्याच कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा. म्हणून काल मी नुसतं 'जाऊ द्या' म्हणाले." ती थांबली. "तुम्ही त्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, बाबा. एक दिवस ड्युटी बुडाली असती. मला फार राग आहे तुमचा."

सकाळपासून मी सूर्यभानवर चिडलो होतो, त्या दुकानदारावर चिडलो होतो. आता चिडायला कुणी उरलं नाही.

"बोल," मी म्हणालो. "अजून काय आहे ते बोल."