चेंडू कोणी वागवायचा

लेलंड मेब्रीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठं नव्हतं. बसच्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर चार-सहा ओळी, अक्षर शाळेत असताना होतं तसंच डावीकडे झुकलेलं.

'सर, त्या शेवटच्या खेळीला तुमच्या हातात कोणता फलक होता, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मंगळवारी शाळेच्या मंडळापुढे माझी सुनावणी आहे. येऊन तेवढं सांगितलंत तर बरं होईल. नसेल जमत तर तसं कळवा. मी मनात ठेवणार नाही.'

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. माणसानं आपल्याकडून किती कमी अपेक्षा ठेवावी! मी पत्र शब्दकोशाखाली सरकवलं आणि उत्तराचे मसुदे करायला बसलो. 'प्रिय लेलंड, माझ्या आठवणीप्रमाणे' असं लिहून खोडलं. 'जर माझी चूक होत नसेल तर' असं लिहून तेही खोडलं. मला राग येतो तोही उशिरा, आणि आल्यावर तो रास्त आहे की नाही याची मी खातरजमा करत बसतो. तोवर ज्याच्यासाठी रागवायचं तो माणूस निघून गेलेला असतो.

मी ब्रॅनक गावच्या शाळेत ग्रंथपाल होतो. अमेरिकन फुटबॉलशी माझा संबंध आला तो निवृत्तीनंतर, लेलंडमुळे. तो शाळेची बस चालवतो आणि संघाच्या रिसीव्हरना शिकवतो, म्हणजे पुढे धावून लांबून फेकलेला चेंडू हातात झेलणाऱ्या पोरांना. एकदा तो घरी येऊन म्हणाला, "सर, कडेला उभं राहून फलक धरायला एक माणूस हवाय. बोलायचं काही नाही. फक्त उंच धरायचा."

"मला खेळातलं काही कळत नाही रे."

"म्हणून तर! कळणारे शंभर आहेत गावात. एकही गप्प बसत नाही."

फलकांवर चित्रं असतात. कोंबडा, किटली, चंद्र, बूट. चित्र पाहून रिसीव्हरनं कुठे धावायचं ते ठरतं. समोरच्यांना कळू नये म्हणून दर आठवड्याला चित्रांचे अर्थ बदलतात. मुख्य कोच वेड स्ट्राउडचाच हा नियम. अर्थ मला कोणी सांगितले नाहीत, मी विचारले नाहीत. कोच फलक हातात द्यायचा, मी उंच धरायचो. बोलावं न लागणारं ते काम मला मनापासून आवडत होतं.

स्ट्राउडचा आणखी एक नियम आहे, आणि त्याचा गावाला फार अभिमान. शुक्रवारच्या सामन्यात ज्या रिसीव्हरच्या हातून चेंडू सुटला, त्यानं पुढचा आठवडाभर तो चेंडू काखेत घेऊन हिंडायचं. वर्गात, जेवताना, चर्चमध्येसुद्धा. वाटेत कोणीही तो हाणून पाडावा. पडला, तर सगळ्या रिसीव्हरनी स्टेडियमच्या पायऱ्या धावून चढायच्या. स्ट्राउड याला जबाबदारी म्हणतो. लॉकरच्या खोलीत भिंतीवर तो शब्द हातभर अक्षरांत रंगवलाय. त्याखाली आजवर चेंडू वागवलेल्या पोरांची नावं आहेत. कोचचं एकही नाव नाही.

लेलंडची रीत वेगळी होती. सराव संपला की तो पोरांना गवतावर बसवायचा आणि आधी स्वतःचं सांगायचा. "मी डेरिकला उशिरा वळायला सांगितलं, म्हणून तो पडला. ते माझं. बोला आता, तुमचं काय?" मग पोरं बोलायची. "मी चेंडूआधी माणसाकडे बघितलं, ते माझं." कोणी फुशारकीनं दुसऱ्याची चूक अंगावर घेऊ लागला तर लेलंड ओरडायचा, "ए शहाण्या, आपल्यापुरतं घे! सगळ्यांचं घेतलंस तर बाकीचे काय शिकतील, बटाटे सोलायला?" त्या हंगामात आमच्या रिसीव्हरांच्या हातून चेंडू क्वचितच सुटले. मला खेळ कळत नाही, पण मुलं भिऊन शिकतायत की उमजून, एवढं ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाला कळतं.

आता तो शेवटचा सामना. चार गुणांनी मागे होतो, घड्याळात एका खेळीपुरताच वेळ उरलेला. समोरचा एक खेळाडू पाय धरून बसला म्हणून खेळ थांबला. चेंडू फेकणारा आमचा कोडी धावत कडेला आला. स्ट्राउडनं त्याचं शिरस्त्राण जाळीला धरून जवळ ओढलं. "कोपरा! टोबिन कोपऱ्यात असेल. डोळे मिटून फेक." मग वळून त्यानं ढिगातून एक फलक उपसला आणि माझ्या छातीवर आदळला. "धर वर, आजोबा! झोपलात काय?"

मी वर धरला. टोबिन रेनशॉनं फलक बघितला, मान हलवली, खेळ सुरू होताच धावला आणि आत वळला. चेंडू मात्र कोपऱ्याकडे निघाला. टोबिनला तो हवेत दिसला तसा तो जागच्या जागी फिरला, धावला, अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या बोटांना लागला आणि गवतावर पडला. गॅलरीतल्या लोकांनी एवढंच पाहिलं, की पोराचे हात लागले आणि चेंडू सुटला.

सोमवारी लेलंडनं मला उलगडून सांगितलं. "सर, कोंबडा म्हणजे कोपरा, हे गेल्या आठवड्यातलं. या आठवड्यात कोपऱ्याला किटली होती. कोंबडा म्हणजे आत वळायचं. कोच विसरला. होतं माणसाचं! पण कोंबडा वर गेलेला मी पाहिला, मला विचित्र वाटलं, तरी मी विचारलं नाही. तेवढं माझं."

हे सांगताना त्याच्या काखेत चेंडू होता. खुशाल! एवढा टक्कल पडलेला बाप्या, बस चालवताना मांडीवर चेंडू, शाळेच्या बोळातून काखेत चेंडू. पोरं आधी हसली, मग हसायची थांबली. टोबिनच्या काखेतही होताच. दोघे समोरासमोर आले की लेलंड टोपी काढायचा. "कसं काय, बाळ-बाळंतीण?" टोबिन हसायचा. त्या दिवसांत तो हसलेला तेवढाच.

मग सामन्याची चित्रफीत बघायला सगळे जमले (तीत मैदानच दिसतं, कडेचे फलक नाहीत) तेव्हा लेलंडनं उभं राहून विचारलं, "कोच, चुकीचा फलक तुमच्या हातून गेला. तुम्ही चेंडू कधी घेताय?" विचारलं अगदी साधेपणानं. गवतावर पोरांना विचारायचा तसं.

'माझं' हा एक शब्द स्ट्राउडला बोलता आला असता. अख्ख्या गावानं त्याला खांद्यावर घेतलं असतं. तो म्हणाला, "फलक किटलीचाच होता. पोरानं चुकीचा वाचला." चारही रिसीव्हर म्हणाले कोंबडा होता, तर म्हणे ही पोरं एकमेकांना पाठीशी घालतात. कोडीनं खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी लेलंडला कळवलं, की वरिष्ठांचा अवमान झाल्यामुळे त्यानं मैदानात येऊ नये, पुढचं मंडळ ठरवेल. आणि टोबिननं चेंडू आठवड्यापुरता नाही, तर हंगामाअखेरच्या संघाच्या मेजवानीपर्यंत वागवायचा.

हे सगळं कळूनही मी मसुदेच करत होतो.

सुनावणीआधीच्या गुरुवारी व्हर्नाच्या खानावळीत मी पॅनकेक खात होतो. टोबिन आईसाठी सूप न्यायला आला. एका हातात सूपचा डबा, दुसऱ्या काखेत चेंडू. डच हेगर काउंटरवरून उठला. विमा विकतो, शाळेच्या मंडळावर आहे, पोटाचा घेर दाराएवढा.

"काय रे टोबिन, झोपलं का लेकरू?" असं म्हणत त्यानं मागून असा तडाखा मारला, की चेंडू उडाला आणि डबाही. गरम सूप पोराच्या बुटांवर सांडलं. दोन टेबलं हसली.

"पायऱ्या! पायऱ्या!" डच टाळ्या पिटत म्हणाला. "अरे, आमच्या वेळेला तर थंडीत उघड्यानं धावायला लावायचे. याला म्हणतात संस्कार."

व्हर्ना फडकं घेऊन बाहेर आली. "डच, सूपचे पैसे तू देणारेस. आणि फरशीही तूच पुसणारेस."

"मी? चेंडू त्याच्या हातून सुटला, व्हर्ना!"

तो अगदी मनापासून बोलत होता. यात खोटं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. हा माणूस मंगळवारी टेबलामागे बसून जबाबदारी कोणाची ते ठरवणार! ओठांवर एक चांगलं वाक्य तयार होतं. मी ते तपासून पाहीपर्यंत टोबिन चेंडू उचलून निघून गेला होता. फरशी व्हर्नानंच पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात उभा. ग्रंथालय आता अर्धा दिवसच उघडं असतं, म्हणून मुलं माझी पुस्तकं नेतात. यानं ध्रुवप्रदेशातल्या प्रवासाचं एक जाडजूड पुस्तक नेलं होतं, ते परत करायला आला होता. एका हातानं ते त्याला नीट पेलवत नव्हतं.

"चेंडू ठेव त्या खुर्चीवर," मी म्हणालो.

"नको सर. चालत नाही."

"इथे कोण बघतंय?"

"मी बघतोय ना." तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. मी दिलेलं बिस्किट त्यानं डाव्या हातानं खाल्लं. मग म्हणाला, "बोटांना लागला होता सर. लागला तर धरायला हवा. तेवढं माझंच. लेलंड कोचही तेच म्हणतात."

"तेवढं."

"हो. पण सर..." त्यानं पुस्तकाकडे बघत विचारलं, "तो कोंबडाच होता ना? मला आता खरंच कळत नाही. कोच म्हणतात किटली. डच काका म्हणतात तुझे डोळे तपास. आई म्हणते, जाऊ दे, म्हण किटली होती आणि मोकळा हो. मी रोज रात्री आठवून बघतो. कधीकधी मला किटलीच दिसते."

"कोंबडा," मी म्हणालो. "कोचनं मला तो उलटा दिला होता. डोकं खाली, पाय वर. मी सरळ करून मग वर धरला. बिचारा पक्षी, असं मनात आलेलंही आठवतं."

'माझ्या आठवणीप्रमाणे' नाही, 'चूक होत नसेल तर' नाही. शंका यायच्या आतच शब्द बाहेर पडले होते. टोबिननं मान वर केली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं काखेतला चेंडू दुसऱ्या काखेत घेतला आणि आंबलेला हात हळूहळू झटकला.

"मग मी नीट वाचला होता," तो म्हणाला.

"नीट वाचला होतास."

तो गेल्यावर मी बराच वेळ खोलीत येरझाऱ्या घालत होतो. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नसणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. माझा जन्म त्यातच गेला. पण तो माझा स्वभाव होता, माझ्यापुरता. सतरा वर्षांच्या धडधाकट पोराला ते मुद्दाम शिकवायचं, रोज थोडं थोडं, भर रस्त्यात टपल्या मारून, आणि वर त्याला जबाबदारी म्हणायचं? एका मोठ्या माणसाला 'विसरलो' म्हणायची लाज वाटते, म्हणून? आणि ज्यानं पोरांना आपल्यापुरतं घ्यायला शिकवलं, त्यालाच मैदानाबाहेर काढायचं? मला संताप आला. या वेळी मी तो तपासला नाही.

फोनवर मला बोलता येत नाही. शब्दकोशाखालून पत्र काढलं, एक कोरा कागद घेतला आणि मसुदा न करता लिहिलं.

'लेलंड, कोंबडा होता. स्ट्राउडनं स्वतःच्या हातानं दिला, उलटा. त्याआधी कोडीला तो कोपरा म्हणाला, तेही मी ऐकलं. मंगळवारी मी येतो आणि उभं राहून सांगतो. आवाज कापेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. डच हेगर हसला तर पुन्हा सांगेन. येताना तुझा चेंडू घेऊन ये. स्ट्राउडनं घेतला नाही, तर मंडळाच्या टेबलावर ठेवू. उत्तराला उशीर झाला. तेवढं माझं.'

पाकिटावर पत्ता घातला, कोट चढवला आणि पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. शेवटची टपाल उचलणारी गाडी अजून यायची होती. पेटीचं झाकण थंडीनं घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी ओढून उघडलं आणि पत्र आत टाकलं.