गौतमीची नाळ

थोरल्या लेकाच्या, शेखरच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे साल २०२३. भुकूम गावच्या जयसिंगाची धाकटी लेक गौतमी तेव्हा अमेरिकेत संशोधन करत होती. ग्वाटेमालाच्या डोंगरातले माया लोक पोटासाठी तिथं गेलेले. परक्या शहरात ते आपली बोली, आपला मका, आपले देव कसे जपतात, हा तिचा विषय. जयसिंगाला एवढं कळलं होतं की पोर परमुलखात जाऊन परमुलखात गेलेल्यांचीच दुखणी लिहून घेते.

भाद्रपदात तिचा फोन आला.

"आबा, हितं एक माया म्हातारी हाय. सगळं तिच्याकडं हाय, पण तोंड उघडत न्हाई. म्हणते, तुझी नाळ कुटं पुरलीय ते आधी सांग, मग बोलू."

"त्यांच्यातबी पुरत्यात?"

"व्हय. ज्याला ते ठाऊक न्हाई, तो तिच्या लेखी वाऱ्यावरचा."

"आन न्हाई बोलली तर?"

"तर विषय सोडायचा. दिवाळीला घरी."

हे शेवटचं जयसिंगाच्या कानात बसलं. त्याची बायको सारजाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. शेखर बायकोला घेऊन हिंजवडीला राहायला गेलेला. घरात बोलायला रेडिओ तेवढा.

"तू पौडच्या दवाखान्यात जन्मलीस," तो म्हणाला. "तितं कोण पुरतंय?"

"बरं," ती म्हणाली.

तो खोटं बोलला नव्हता. पण ते 'बरं' असं काही पडलेलं आलं, की त्याला दुपारची भाकर गोड लागेना. संध्याकाळी तो साळूबाईकडे गेला. नव्वदीची सुईण, निम्मं भुकूम तिच्या हातावर जन्मलेलं.

"वार गेली आसंल दवाखान्यात," साळूबाई म्हणाली. "पण नाळंचा तुकडा सातव्या दिवशी घरीच पडला की. सारजानं फडक्यात बांधून माझ्याकडं दिला. मी खालच्या वावरात पुरला, विहिरीच्या कडंला."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुला काय सांगायचं? तू बारशालाबी बैल बघाया गेलतास."

खालच्या वावरात आता सात मजली सोसायटी होती. दुसऱ्या दिवशी दोघं तिथं गेली. फाटकावरच्या बिहारी रखवालदारानं विचारलं, "किससे मिलना है, अम्मा?"

"ह्याच्या पोरीला," साळूबाई म्हणाली आणि सरळ आत गेली.

जयसिंगानं मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. रखवालदार ऐकत राहिला. "हमारा भी गाँव में ही गड़ा है," म्हणाला, आणि खुर्ची उचलून बाजूला झाला. विहीर बुजवून तिथं मोटारी लावायची जागा केली होती. साळूबाईनं भिंतीपासून पावलं मोजली आणि एका पांढऱ्या मोटारीपुढं काठी टेकवली.

"हितं."

जयसिंगानं फोटो काढला. घरी येऊन फोन मांडीवर ठेवून बसला. पाठवला नाही तर कुणाला कळणार होतं? साळूबाई सांगायला जाणार नव्हती. दिवाळी सात आठवड्यांवर आलेली. आदल्या दिवशीच त्यानं गौतमीची गोधडी धुऊन वाळत घातली होती.

दिवेलागणीला त्यानं फोटो पाठवला आणि फोन लावला.

"खालच्या वावरात हाय पुरलेली, विहिरीच्या कडंला," तो म्हणाला. "तुझ्या आईनं पुरून घेतली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

आठ दिवसांनी तिचा पुन्हा फोन. म्हातारी तीन तास बोलली होती, आणि आता रोज ये म्हणत होती.

"आबा, आता हे सोडवत न्हाई. आणखी दोन वर्षं लागतील."

"लागू देत."

"तुमी एकटेच."

"एकटा कशानं? रखवालदार येतोय की चहाला."

ते खरं होतं. रखवालदार येई, आपल्या गावच्या नदीचं सांगे, आणि जयसिंग ऐके. पण गौतमीच्या वयाची कुणी पोरगी रस्त्यानं बॅग ओढत चालली, की त्याचं बोलणं मध्येच तुटे.

ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. गौतमीचं काम संपायला सात महिने उरले असताना जयसिंग २७ फेब्रुवारी २०२५ ला, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी वारला.