पायांकडची जागा

मुलांनो, घरात कुणी गाढ झोपलं असेल तर त्याचा पाय घोट्याशी धरून हळूच उचलून पाहा. उठवू नका, नुसता उचला. किती जड लागतो, नाही का? माणूस आपलाच, पण तो पाय भिजलेल्या गोणीसारखा हातात येतो. आता अशी कल्पना करा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात, तो पाय तुमच्या दोन्ही हातांत आहे, आणि एकदम तो कुणीतरी ओढून घेतो. दचकाल ना? आता त्याच्याही पुढची कल्पना करा. ज्याचा तो पाय आहे त्याला पाय हलवताच येत नाही. सगळ्या डॉक्टरांनी तसं सांगितलेलं आहे.

ही गोष्ट ज्या मुलीची, तिनं हे सहा आठवडे कुणालाही सांगितलं नव्हतं.

आत्ता ती बाबांच्या खोलीच्या दाराशी उभी होती आणि तिची आई आणि पुनर्वसन केंद्रातल्या ताई बाबांना पलंगावरून उचलायचं मशीन आत ढकलत होत्या. पुढची दोन चाकं उंबऱ्याला अडली. आईनं ती पायानं रेटली, ताईंनी दांडा वर ओढला आणि मशीन धडपडत खोलीत शिरलं. एक उभा खांब, त्याला वाकलेला लोखंडी हात, हाताच्या टोकाला आडवी दांडी आणि तिला चार आकडे. मुलीला ते पहिल्या दिवसापासून मासे टांगतात तसल्या आकड्यांसारखे दिसत होते. चौदा दिवस ते मशीन बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घोडीशेजारी उभं होतं आणि आईनं त्यावर टॉवेलसुद्धा वाळत घातले होते. कारण बाबांनी त्यात बसायला चौदाही दिवस साफ नकार दिला होता.

"आज वापरून बघायचा शेवटचा दिवस," ताई म्हणाल्या. "चार वाजता गाडी येईल. पुढच्या घरी एक बसचालक वर्षभर पाठीवर पडून आहेत. तुम्हाला नको असेल तर मी त्यांना ताटकळत ठेवू शकत नाही."

बाबा छताकडे पाहत होते.

बाबा रंगारी होते. चार महिन्यांपूर्वी एका इमारतीची भिंत रंगवताना परांचीची एक दोरी सुटली, बाबा मानेवर पडले आणि मानेखालचं जवळजवळ सगळं अंग त्यांना परकं झालं. उजव्या हाताचा अंगठा आणि थोडं मनगट तेवढं त्यांचं उरलं. घरी आणलं तेव्हा त्यांचे पाय ओल्या कापडासारखे लोंबत होते. तेव्हापासून या खोलीचं छत हेच त्यांचं आकाश होतं. ते त्यांनीच कधीतरी रंगवलेलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "या छताला घाईत एकच हात मारला मी. दुसरा मारायला हवा होता. देव बघा कसा वसूल करतो." माणसं कसनुसं हसत आणि लवकर उठत.

मुलीला ते मुंगी म्हणायचे. तीन वर्षांची असताना ती रंगाचा रिकामा डबा, स्वतःपेक्षा मोठा, ओढत ओढत त्यांना आणून द्यायची, तेव्हापासून. पण सहा आठवड्यांत त्यांनी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती, कारण ती हाकेसाठी थांबतच नव्हती. उंबऱ्यापर्यंत यायची. पाण्याचा पेला आईच्या हातात द्यायची आणि मागे फिरायची.

सहा आठवड्यांपूर्वी बाबांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं ठरलं होतं. शेजारच्या काकांनी खांदे धरले, आईनं कंबर, आणि पाय त्यातल्या त्यात हलके म्हणून ते मुंगीकडे दिले. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये बाबा आले आणि तिच्या हातातला उजवा पाय एकदम गेला. तिनं सोडला नव्हता. तो गेला. घसरला असता तर खाली गेला असता. हा वर उसळून बाजूला गेला, जिवंत माशासारखा. तिनं किंचाळून हात मागे घेतले, काकांचा तोल गेला आणि बाबा खुर्चीच्या कडेवर कपाळ आपटून खाली पडले. पाच टाके पडले.

"धरवत नव्हतं तर सांगायचंस," आई तेव्हा म्हणाली. एकदाच म्हणाली, तीही रक्त पुसताना. नंतर सगळेच म्हणाले की पोरीची काही चूक नाही, लहान आहे. मुंगीनं ते ऐकून घेतलं. पाय हलला, असं सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं? स्वतःची चूक झाकायला अपंग बापाचं नाव घेते, असंच झालं असतं. आणि खरंच हलला असेल, तर ते आणखी वाईट होतं. बाबांनी तर तो हलवला नव्हता. मग कुणी? एका दुपारी तिनं दारातून बाबांच्या अंगावरची चादर गुडघ्यापाशी अलगद वर उचलली जाताना पाहिली. बाबा वर छताकडे बघत आईशी दुधाबद्दल बोलत होते. त्यांना कळलंही नाही. मुंगीनं मात्र त्यानंतर चादरीकडे पाहणंच सोडलं.

शेजारच्या काकांच्या पाठीत त्या दिवसापासून उसण भरली होती. ती या घराचं दार दिसलं की नेमकी भरायची, एरवी ते पाण्याचे दोन हंडे बिनघोर नेत.

"किती वजन पेलतं म्हणालात?" बाबांनी छताला विचारलं.

"दीडशे किलो."

"परांचीवरही तसंच लिहिलं होतं."

ताई हसल्या नाहीत. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. भीती वाटणार नाही असं मी म्हणणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या केंद्रात एक नियम होता, की मशीनला हात लावणाऱ्यानं आधी स्वतः त्या आकड्यांना अडकवायच्या झोळीत लटकून पाहायचं. त्या स्वतः पहिल्यांदा लटकल्या तेव्हा खाली सोडा म्हणून ओरडल्या होत्या आणि शिकवणाऱ्या सरांना चावायला निघाल्या होत्या. आई पहिल्याच दिवशी डोळे मिटून लटकली होती. पण एकट्या माणसाच्या भरवशावर मशीन ठेवता येत नाही. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं पाय सांभाळायचे. घरात दुसरं कोण?

आई आणि ताई दाराकडे बघायला लागल्या.

"तिला नको," बाबा म्हणाले.

मुंगीच्या कानात ते दोन शब्द टाक्यांसारखे रुतले. तिचे हात नकोत, असं तिनं ऐकलं. आईनं हळू आवाजात एवढंच म्हटलं, की मग मशीन जाईल. बाबांनी डोळे मिटले.

का, ते तिला सांगता आलं नसतं, पण मुंगी उंबरा ओलांडून आत आली. चादरीकडे न बघता, भिंतीला लागून, पलंगाला वळसा घालून ती स्टुलापाशी गेली. ताईंनी एक शब्दही न बोलता स्टुलावर निळी झोळी पसरली, तिला वर बसवलं, मांड्यांखालून पट्टे घेतले आणि चारही फासे आकड्यांत अडकवले. मग त्यांनी रिमोट उचलला आणि बाबांच्या उजव्या हातात ठेवला. अंगठा बटणावर.

"मी?" बाबा म्हणाले.

"अंगठा चालतो ना तुमचा? वरचं बटण वर, खालचं खाली. काही वाटलं तर लाल."

बराच वेळ काही झालं नाही. आईनं बाबांची मान उशी घालून वळवली, त्यांना मुलगी दिसेल अशी. मुंगीला त्यांच्या कपाळावरची गुलाबी खूण पहिल्यांदा इतक्या जवळून दिसली. मग कुठंतरी मधमाशी अडकल्यासारखा आवाज सुरू झाला. पट्टे ताणले. स्टूल तिच्या खालून गेलं.

पाय लोंबकळले, चप्पल गळून पडली, आणि झोळी सावकाश, आपल्याच मर्जीनं, डावीकडे वळायला लागली. धरायला काही नव्हतं. हात छातीशी घट्ट ठेवा असं ताई सांगत होत्या. मुंगी जमिनीपासून जेमतेम हातभर वर होती, पण तिला खिडकीतून बाहेर गेल्यासारखं वाटलं. बाबांच्या कपाळावर घाम जमला होता. अंगठा पांढरा पडला होता. ते छताकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते, पापणी न लववता.

तिनं मान वर करून छताकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "खरंच दुसरा हात हवा होता."

बाबांच्या घशातून एक आवाज आला. चार महिन्यांत आईनं तो ऐकला नव्हता. त्यांनी तिला इतकं हळू खाली आणलं, की मध्ये दोनदा मशीन थांबलं.

"पोटात खड्डा पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला."

"मग?"

"मग काही नाही. ते धरून ठेवतं." आणि आपण कुठला शब्द वापरला ते लक्षात येऊन तिनं खाली बघितलं.

बाबा झोळीकडे बघत म्हणाले, "आणा झोळी. एकदाच."

त्यांना कुशीवर वळवून झोळी अंगाखाली सरकवायलाच बराच वेळ गेला. चादर काढली तेव्हा मुंगीला बघावंच लागलं. पाय तिथंच होते, बारीक झालेले, टाचांना कापूस लावलेले. ताईंनी फासे दोनदा तपासले आणि आईलाही तपासायला लावले. आईच्या हातात रिमोट, ताई खांद्यांपाशी, आणि पायांकडची जागा मुंगीची. टाचा तळहातांवर घ्यायच्या, ताई म्हणाल्या. आवळायच्या नाहीत. पाय कुठं गेला, तर त्याच्याबरोबर जायचं, त्याच्याशी भांडायचं नाही.

पाय कुठं जाणार, असं मुंगीला विचारायचं होतं. पण तेवढ्यात आईनं बटण दाबलं.

मधमाशी पुन्हा गुणगुणली. बाबांचं अंग पलंगावरून सुटलं. त्यांनी दात आवळले होते, ओठांवरचा रंग गेला होता आणि ते काहीतरी मोजत होते, बहुतेक परांचीवरून पडतानाचे मजले. टाचा मुंगीच्या तळहातांवर जड, थंड, आज्ञाधारक पडून होत्या. पलंगाची कड गेली. खाली आता फक्त फरशी होती. तीच फरशी.

आणि उजवा पाय उसळला.

गुडघा वर आला, टाच तिच्या हातातून निसटली, झोळी हेलकावली, आणि मुंगी कशी मागे गेली ते तिला कळलं नाही; पाठ दाराच्या चौकटीला लागली तेव्हा कळलं. आईचा अंगठा बटणावरून सुटला. मशीन थांबलं.

धप्प असा आवाज आला नाही. मुंगी त्याची वाट बघत होती, पण तो आलाच नाही. बाबा होते तिथंच, फरशीपासून दोन हात वर, हळूहळू झुलत होते. पाय अजून दोन-तीनदा थडथडला आणि मग विझल्यासारखा खाली आला.

"हं," ताई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "झटका आला. घाबरू नका. आधी पाय लुळे असतात, मग काही आठवड्यांनी असे झटके सुरू होतात. ते पाय हलवत नाहीत, त्यांना कळतही नाही. पाठीचा कणा परस्परच काहीतरी करून बसतो. उचललं, जागा बदलली, की हमखास." त्यांनी आईकडे पाहिलं. "तुम्ही आधी सांगितलं नाहीत ते. झाला असेल ना असा कधी?"

"नाही," आई म्हणाली. "अंघोळ घालताना कधी कधी गुडघा ताठ लागतो. मला वाटलं थंडीनं. असं कधीच झालं नाही."

"झालं होतं," मुंगी म्हणाली.

आईनं मागे वळून पाहिलं. झोळी अजून फिरतच होती. फिरता फिरता तिनं बाबांचं तोंड दाराच्या बाजूला आणलं. कपाळावरची खूण, घाम आणि खाली दोन डोळे. ते तिच्यावर येऊन थांबले. आता त्यात मजले मोजणं नव्हतं.

"त्या दिवशी?" बाबांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"बोलली नाहीस."

"तुझा पाय तर हलत नाही ना," ती म्हणाली. "कोण ऐकणार होतं?"

आईची नजर फरशीवर गेली, बाबा पडले होते तिथं. बाबा झुलत होते. ओठ अजून पांढरेच होते, आणि बोलले तेव्हा आवाजही तसाच निघाला.

"मुंगे, मी अजून हवेतच आहे. पायांकडे कुणी नाही."

मुलांनो, चौकटीपासून त्या पायापर्यंत चार पावलं होती. मुंगीनं आधी दोन्ही तळहात फ्रॉकला पुसले. मग ती चार पावलं चालली आणि टाच हातांवर घेतली. पायाची बोटं थरथरायला लागली, पुढं काय येणार ते तिला कळलं, आणि पाय पुन्हा उसळला. या खेपेला तिचे हात त्याच्याबरोबर वर गेले, बाजूला गेले, तो जाईल तिथं गेले. तो थकून जड होईपर्यंत ती थांबली. मग आईकडे बघून, दाब बटण, अशी तिनं मान हलवली.